मी चाक मागितलं

(कुवेतमध्ये महबूला भागातल्या आमच्या इमारतीचे हारिस, म्हणजे राखणदार, युसूफभाई यांनी सांगितलं तसं. लिहिलं मी, बोलणं त्यांचं.)

माझं गाव खाडीच्या तोंडावर, ताई, बाणकोटच्या खाडीत, एका अंगाला डोंगर, एका अंगाला पाणी, आणि मधे जेवढी जागा उरली तेवढ्यात आमची घरं, मशीद आणि मचवे ओढून ठेवायची पुळण. माझे बाबा तांडेल होते. तांडेल म्हणजे बोटीवर ज्याचा हुकूम चालतो तो. मचवा शेटचा, शिडाचा, पण पाण्यात गेल्यावर शेट कोण नि काय, बाबा बोलतील ते. कौलं भरायची, मीठ भरायचं, जळाऊ लाकूड भरायचं, जे मिळेल ते घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं मुंबई. मी शाळेत सहावीपर्यंत. सहावी पास नाही हां, सहावीत बसलो होतो एवढंच. बाबांचा एक खलाशी पळाला, तर बाबा शाळेच्या दारात येऊन उभे, मास्तरांना म्हणाले पोराला न्यायला आलोय, मास्तर म्हणाले किती दिवसांची सुट्टी लिहू, बाबा म्हणाले बघू. ती सुट्टी अजून चालली आहे.

बाबांकडे एक शिसं होतं. शिशाचं वजन, लांबट, दोरीला बांधलेलं, आणि खालच्या अंगाला खळगा. खळग्यात चरबी भरायची आणि पाण्यात सोडायचं, तळाला टेकलं की ओढून घ्यायचं. दोरी किती भिजली त्यावरून खोली कळते, आणि चरबीला काय चिकटून आलं त्यावरून जागा कळते. काळा चिखल आला तर खाडीचं तोंड जवळ आहे, शिंपल्याचा चुरा आला तर डाव्या हाताला खडक आहेत, वळव मेल्या लवकर, असं बाबा ओरडायचे. धुकं असो, काही असो, बाबा तळाला विचारून चालायचे. पुढे रस्ते झाले, ट्रक आले, शिडं गेली, बाबाही गेले. शेटनं मचवा मोडून लाकूड विकलं. मला राहिलं ते शिसं.

मग माझे मामू. मामूंचे उपकार मी कसे फेडू, काय सांगू तुम्हाला. मामू इथे एका हाजींच्या घरी स्वयंपाकी होते. लढाई संपून कुवेत नुकतं पुन्हा उभं राहत होतं, माणसं पाहिजे होती, मामूंनी हाजींच्या कानावर घातलं की भाचा आहे, पाण्यातला आहे, शिकलेला नाही पण इमानदार आहे. हाजींच्या वडिलांनी शिडाच्या जहाजातून खजूर मुंबईला नेलेला, त्यामुळे हाजींना आपलं हिंदी थोडं यायचं आणि आपल्याकडच्या माणसांवर जीव होता. त्यांची शुऐबा बंदरात एक लाकडी लाँच होती. बाहेर समुद्रात मोठी जहाजं नांगर टाकून उभी असतात ना, त्यांना भाजी, गोडं पाणी, गॅसचे सिलिंडर पोचवायचे. मी त्या लाँचवर लागलो. हाजींचं मीठ खाल्लंय ताई, आजही त्यांचं नाव घेतलं की हात आपोआप छातीवर जातो.

लाँचचं चाक, म्हणजे सुकाणू, कासम नाखवाकडे. आमच्याच खाडीचा, पल्याडच्या काठाचा, म्हणजे तुम्हाला वाटेल माझा आधार. कसला आधार! ह्या माणसाच्या तोंडातून चांगला शब्द मी एकदाच ऐकला, तोही इंजिनाला उद्देशून. मला म्हणायचा, तुझा बाप शिसं बुडवून चालायचा आणि तू स्वतः बुडून चालतोस. मी ऐकून घ्यायचो. मला सतत एकच भीती, अकामा. अकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, तो मालकाच्या हातात. हाजी बोलले की वाटायचं गेला अकामा, हसले तरी तेच वाटायचं. घरी दोन मुली, आणि घराचं काम अर्ध्यात, भिंती झाल्या होत्या, वासे चढले होते, कौलं बाकी होती. बायको चिठ्ठीत लिहायची, पाऊस येतोय.

आणि ह्यात तो आला. टापू.

त्याचं खरं नाव तिओती. पॅसिफिक समुद्रात किरिबाती म्हणून मुलूख आहे, त्यातल्या एका बेटावरचा. आम्ही विचारलं कुठे रे तुझं गाव, तर हाजींच्या ऑफिसात भिंतीवर नकाशा होता, त्यातल्या निळ्यावर त्यानं बोट ठेवलं. बोट उचललं तर खाली काहीच नाही, निळंच. कासम नाखवा म्हणाला, अरे हा तर पाण्यात जन्मलाय, आणि तेव्हापासून तो टापू, म्हणजे बेट. मोठ्या जहाजावर खलाशी होता, त्या जहाजाच्या मालकानं जहाज इथे नांगरावर सोडून दिलं आणि गायब झाला, माणसं उपाशी, एकेक जण कसाबसा घरी गेला. हा राहिला. हाजींना दया आली, कागद करून लाँचवर ठेवला. आमच्यात हिंदी शिकला, तीही शिव्यांपासून सुरू.

माझं त्याचं पहिल्या दिवसापासून बिनसलं, आणि कशावरून, तर मच्छीवरून. दुपारी त्यानं स्टोव्हवर मच्छी तळली, वास असा की काय सांगू, ताटली माझ्यासमोर धरून म्हणाला, खाणार? मी म्हटलं नको. आता आपल्यात कसं असतं, पहिल्यांदा नकोच म्हणायचं, समोरच्यानं म्हणायचं अहो घ्या, आपण म्हणायचं नको हो, मग त्यानं शपथ घालायची, मग घ्यायचं. हावरटासारखं पहिल्या हाकेला हात कोण पुढे करतो? तर ह्यानं मान हलवली आणि बसून सगळी मच्छी संपवली, काट्यासकट. मी कोरडा खुबूस, म्हणजे इथली रोटी, चावत बघत बसलो. दुसऱ्या दिवशी तेच. खाणार? नको. बरं. मी मनात म्हटलं, हा माणूस मुद्दाम करतो.

बरं, द्यायला असा, आणि मागायला? निर्लज्ज. एक दिवस सरळ म्हणाला, तुझा रेडिओ मला दे. उसना नाही, बघायला नाही, दे. मी हसलो, म्हटलं वेडा आहेस काय. मग एकदा माझी नवी लुंगी, ही दे. मी म्हटलं भीक मागायला लाज नाही वाटत? तो माझ्याकडे असा बघत राहिला जसं मी त्याच्या तोंडावर थुंकलो. आणि तिसऱ्यांदा, मी बाबांचं शिसं पुसत बसलो होतो, तर हात पुढे करून म्हणतो, हे मला दे. ताई, मी उठलोच. म्हटलं हात लावलास तर हात राहणार नाही. त्या दिवसापासून आमचं बोलणं कामापुरतं, आणि कामाचं सोडलं तर भांडण.

भांडणात तो आपल्या लोकांबद्दल सांगायचा, आणि सांगायचा ते मला जाळायला. तुझा बाप किनाऱ्यानं जायचा ना? आईचा पदर धरून चालणारं पोर. आमचे लोक जमीन मागे टाकतात, नुसत्या दोरीनं बांधलेल्या होडीत बसून, कंपास नाही, काही नाही, जातात नि पोचतात. मी म्हणायचो, कशावर पोचतात, नारळावर? तर तो हाताची बोटं दुमडत सांगायचा. लाट. लांबून येणारी लाट आपल्या वाऱ्याची नसते, ती कुठल्या कुठे उठलेली असते आणि रोज त्याच बाजूनं येते, म्हाताऱ्या माणसाची चाल जशी ओळखू येते तशी ती ओळखू येते. आमचा माणूस होडीत पाठ टेकून पडतो, पाठीला कळतं कुठून कुठे चाललोय. समोर बेट असलं तर लाट त्याच्यावर आपटून परत येते, ती उलटी आलेली लाट सांगते की पुढे जमीन आहे, दिसायच्या आधी. ढगाच्या पोटाला हिरवट झाक आली तर खाली उथळ पाणी. संध्याकाळी पक्षी ज्या दिशेला उडाले त्या दिशेला घर. आणि भर समुद्रात त्यांच्या खुणा ठरलेल्या म्हणे, अमुक जागी उडते मासे, अमुक जागी तरंगणाऱ्या पानांची रांग, आपल्याकडे देऊळ-मशीद बघून खाडी ओळखतात तसं. मी तोंडानं म्हणायचो थापा, आणि कान मात्र तिकडेच. तांडेलाचा मुलगा ना मी.

पण एक होतं, तो वरवरचंच सांगायचा. हाजी कधी बंदरावर आले की खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, तिओती, माझे वडीलही ताऱ्यांवर चालायचे, तुमच्याकडच्या ताऱ्यांचं ऐकायला मिळालं तर म्हाताऱ्याला बरं वाटेल. म्हणजे किती अदबीनं. तर हा पावसाचं बोलायचा, नारळाचं बोलायचा, तारे सोडून सगळं.

शुक्रवारी मात्र वेगळंच. बंदराजवळ आमची राहायची शेड होती, वर पत्रा आणि पत्र्याखाली लोखंडी वासे. जेवण झालं की टापू जमिनीवर उताणा पडायचा, हातात काठी घ्यायचा, आणि ह्या वाशाला लाव, त्या वाशाला लाव, तोंडानं काहीतरी पुटपुट. मी एकदा विचारलं हे काय, तर म्हणाला आमच्याकडे आकाश छपरात शिकवतात. सभेचं मोठं घर असतं, आजोबा खांबाला टेकून बसतात, ह्या वाशापासून त्या वाशापर्यंत आकाशाचा एक तुकडा, कुठला तारा कुठल्या वाशावर चढतो, कुठून उतरतो. विसरू नये म्हणून म्हणतो. बस. पुढे एक शब्द नाही.

कासम नाखवाला साखरेचा आजार, पायाची जखम भरत नव्हती. त्यानं हे छपराकडे काठी दाखवणं बघितलं आणि त्याच्या डोक्यात बसलं की ही करणी आहे. माझ्या पायावर करतोय, म्हणाला. मी म्हटलं चाचा, तो आकाश पाठ करतोय. कासम म्हणाला, आकाश पाठ करायला आकाश मेलंय काय बाहेर? आणि टापूची गादी, भांडी, सगळं शेडच्या बाहेर फेकलं. टापूनं शिव्या दिल्या नाहीत. गादी झटकली, खांद्यावर घेतली आणि लाँचवर राहायला गेला. त्यानंतर कासम त्याला लाँचमध्ये पाठ टेकून पडलेला बघायचा तेव्हा ओरडायचा, काय रे टापू, पाठ शेकतोस काय? हा समुद्र तुझ्याशी बोलतो का, की इथला म्हणून अरबी बोलतो? आणि टापू तिथूनच म्हणायचा, हा समुद्र नाही, हे सूप आहे, तुमच्यासारख्या माश्या पडलेलं.

असं चाललं असताना हाजींनी आम्हाला बोलावलं. म्हणाले, कासम आता कायमचा घरी जाणार. मी नवी बोट घेतोय, छोटी, वेगाची. तिला चाकावर एक माणूस पुरे, माल चढवायला बंदरावरची माणसं रोजानं मिळतात. म्हणजे तुम्हा दोघांतला एक राहील. दुसऱ्याचा अकामा मी पुढे वाढवू शकत नाही, अल्ला मला माफ करो. कोण ते मी कासम जाताना ठरवीन. तोवर दोघं नीट काम करा.

नीट काम! ताई, त्यानंतर आम्ही एकमेकांकडे पाठ करून उभं राहणं सोडलं. तो दोरी बांधायचा, मी जाऊन पुन्हा बघायचो गाठ बरोबर आहे का, हाजींना सांगायला मिळेल म्हणून. मी डेक धुवायचो, तो मळके पाय घेऊन त्यावरून जायचा. माझ्या डोळ्यासमोर नुसते ते उघडे वासे. पाऊस येतोय.

त्या दिवशी कासम शहरात, मिरकाबला गेला होता, आपल्या शेवटच्या कागदांसाठी. आम्ही दोघंच लाँच घेऊन निघालो, एका जहाजाला सामान दिलं, त्यांचे रिकामे सिलिंडर घेतले आणि चाकाजवळ बांधले. परत फिरलो आणि तोज आली. तोज म्हणजे इथली धुळीची वावटळ, तुम्ही बघताच बाल्कनीत. पण पाण्यावर बघितली नाही तुम्ही. आकाश आधी पिवळं, मग वीट भाजल्यासारखं, आणि मग आपला हात आपल्याला दिसेना. मी म्हटलं काही नाही, कंपास आहे. कंपासवर चालवत राहिलो, चालवत राहिलो, बंदर केव्हाच यायला पाहिजे होतं, येईना. तेव्हा टापूनं सिलिंडरकडे बघितलं, मी पण बघितलं. एवढं लोखंड कंपासच्या कुशीत, त्याचं डोकं फिरलेलं. मी म्हटलं तू बांधलेस. तो म्हणाला जागा तू दाखवलीस. मी म्हटलं हरामखोर. त्यानं त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं, ते आणखी वाईट असणार, लांब होतं.

मग तो म्हणाला इंजिन बंद कर. खाली गेला, फळ्यांवर उताणा पडला, डोळे मिटले. मी वरून बघत होतो. मनातून वाटलं, आता हा बंदर काढून दाखवणार आणि संपलं माझं. आणि खरं सांगू, काढावं असंही वाटत होतं, कारण ती जहाजं, तीन मजली घराएवढी, त्या धुळीत एखादं अंगावर आलं तर त्याला कळणारही नाही की काही लागलं. तो पडून राहिला. ह्या कुशीवर झाला, त्या कुशीवर झाला. उठला तेव्हा त्याचं तोंड राखेसारखं, धुळीनं नव्हे. म्हणाला, नाही. मी म्हटलं काय नाही? म्हणाला, इथे कोणी लांबून येतच नाही. बंदराच्या भिंतीवरून लाट परत येते, धक्क्यावरून येते, जहाजांवरून येते, सगळ्या एकदम बोलतात, बाजारासारख्या. हा समुद्र म्हणजे खोली आहे, भिंतीच भिंती.

मी हसलो. हो, हसलो. म्हटलं, सरक, आता आईचा पदर धरणाऱ्याचा मुलगा बघ. बाबांचं शिसं काढलं, चरबी नव्हती तर खळग्यात साबण दाबला, सोडलं. वर काढलं, राखाडी चिखल. लाँच थोडी वाहू दिली, पुन्हा सोडलं, राखाडी चिखल. पुन्हा, तोच. आमच्या खाडीत हाताहाताला तळ बदलतो, इथे जिकडे टाका तिकडे एकच पीठ मळून पसरलेलं. टापू मान वाकडी करून साबणाला चिकटलेला चिखल बघत म्हणाला, काय सांगतेय तुझी आई? आणि असा हसला की माझ्या हातून दोरी सुटत होती.

इतक्यात भोंगा. मोठ्या जहाजाचा, इतका जवळून की दात हलले. कुठून आला कळेना. आम्ही दोघांनी एकदमच नांगराला हात घातला, न बोलता, नांगर टाकला. आमचा भोंगा बिघडलेला, कासम आज करू उद्या करू म्हणत होता. मग मी कढई घेतली, त्यानं पातेल्याचं झाकण घेतलं, आणि बडवायला लागलो, की बाबा आम्ही इथे आहोत, आम्हाला चिरडू नका. धुळीनं घसा बंद, पण प्रत्येक ठोक्याला मी त्याला एक शिवी, तो मला एक शिवी. काय वरात होती ती! तो भोंगा हळूहळू लांब गेला. हात दुखायला लागले तरी आम्ही थांबत नव्हतो, थांबलं की भीती वाटायची.

केव्हातरी वारा जरा पडला. तोज तशीच लटकलेली. टापूनं डबा काढला, भात आणि नारळात शिजवलेली मच्छी, त्यावरही धूळ. डबा पुढे करून म्हणाला, खाणार? माझ्या तोंडातून सवयीनं नकोचा न निघाला आणि मी तो तिथेच गिळला. म्हटलं हो. हो, खाणार. त्यानं भुवया वर केल्या. एका डब्यात दोघांचे हात, कचकच दाताखाली.

जेवता जेवता तो म्हणाला, रागानंच, की तू मला तीन वेळा नाही म्हणालास. आमच्याकडे आपल्या माणसानं तोंडावर वस्तू मागितली तर नाही म्हणता येत नाही. मागणाऱ्याला लाज नसते, नाही म्हणणाऱ्याला असते. आज मी तुझा रेडिओ मागणार, उद्या तू माझी होडी मागणार, असंच गाव चालतं. कोणाला एखादी वस्तू द्यायची नसेल तर तो ती लपवतो, पण मागितल्यावर संपलं. तू मला तीन वेळा परका केलास, आणि वर भिकारी म्हणालास. मी म्हटलं, आमच्याकडे मागणारा भिकारीच. आमच्याकडे मागायचं नसतं, समोरच्यानं ओळखायचं असतं. तो म्हणाला, मग तुमच्याकडे सगळे उपाशी मरत असतील.

मी बोटं चाटत बसलो. आणि ताई, माझ्या मनात ते आलं. मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. ही नोकरी मामूंनी मागितली, शाळेची सुट्टी बाबांनी मागितली. मी म्हटलं, तिओती, आता आपण एका डब्यात जेवलो. मी आता तुझा माणूस की परका? तो चावायचा थांबला. त्याला कळलं की मी काहीतरी मागणार, आणि त्याच्या तोंडावर जी भीती आली, ती त्या जहाजाच्या भोंग्यानंही आली नव्हती. म्हणाला, नको मागू. मी म्हटलं, मागतो. चाक मला दे. हाजींना सांग की तुला चाक नको.

त्यानं अंगातली हवा सोडली, पाण्यात थुंकला आणि म्हणाला, घे. आणि हे कोणाला सांगायचं नाही, दिलेल्या वस्तूवर बोललं की ती नासते. मी म्हटलं, अल्ला तुझं भलं... तर म्हणाला, गप. आता मी मागतो. ते शिसं दे. माझा हात शिशावरच होता. बाबांच्या हातानं गुळगुळीत झालेलं. मी म्हटलं, काय करणार तू त्याचं, तुमच्याकडे तर तळच लागत नाही. म्हणाला, जाळ्याला बांधीन, मासे मारीन. मला जाळायला म्हणाला, मला कळलं. मी दिलं. दोरीसकट.

तोज निवळली तेव्हा बंदराची दगडी भिंत समोर, एवढी जवळ की वर गळ टाकून बसलेला एक माणूस आमच्याकडे बघून हात हलवत होता. तो म्हणे मघापासून कढईचा आवाज ऐकत होता, त्याला वाटलं लग्न आहे.

कासम जायच्या दिवशी हाजींनी विचारलं. टापू म्हणाला, मला चाक नको. हाजींना पटेना, म्हणाले अरे तुझ्या रक्तात समुद्र आहे. तो म्हणाला, नको. कासम जाता जाताही गप्प बसेल तर कासम कसला, म्हणाला, फाटली टापूची! एका वावटळीत रक्तातला समुद्र आटला! बंदरावरची सगळी माणसं हसली. मी तोंड उघडणार होतो, टापूनं असं बघितलं माझ्याकडे की मी मिटलं. तो हसणं ऐकत उभा राहिला, त्याला उत्तर येत नव्हतं असं नाही, त्याला सगळ्या शिव्या येत होत्या.

विमानतळावर न्यायला पिकअप आली तेव्हा मी त्याची बॅग उचलायला गेलो, त्यानं उचलू दिली नाही. शिसं पँटच्या खिशात घातलेलं, एक बाजू खाली ओढलेली, एका हातानं पँट धरून चालत होता. मला वाटलं आता जाताना तरी माणूस चार शब्द बरे बोलेल. पिकअपमध्ये बसला, काच खाली केली आणि म्हणाला, युसूफ, तू मूर्ख आहेस. मी म्हटलं का रे बाबा? म्हणाला, मी ह्या बंदरात आल्यापासून भीत होतो की कोणीतरी सरळ मागेल. म्हणून तुमच्यात बसत नव्हतो. तो म्हातारा हाजी आडून आडून बोलायचा, आडून बोललेलं मला ऐकू येत नाही. तू एकटा माझ्या डब्यात जेवलास, एकट्यानं तोंडावर मागितलंस, आणि मागितलंस काय? चाक. चाक कुठल्याही दुकानात मिळतं. छप्पर मागितलं असतंस तर छप्पर द्यावं लागलं असतं मला, आजोबांचं सगळं आकाश, जे आम्ही घराबाहेर देत नाही, पहिल्या वाशापासून शेवटच्या वाशापर्यंत. वाचलो, म्हणाला. आणि हसत काच वर केली.

माझ्या डोक्यात छप्पर म्हणजे कौलं होती ताई. ती त्या चाकाच्या पगारावर चढली, पहिल्याच पावसाच्या आधी. दोन्ही मुली शिकल्या, थोरली शाळेत शिकवते, माझी सुट्टी तिनं संपवली म्हणायची. नवी बोट मी बरीच वर्षं चालवली. मग बंदराचे नियम बदलले, चाकावर बसायला परीक्षा आली, परीक्षेला शाळेचा दाखला आला, आणि मी तर सहावीत बसलेला. हाजी तेव्हा अंथरुणाला खिळलेले, तरी मुलाला सांगून मला ह्या इमारतीवर ठेवलं. जन्नत नसीब होवो त्यांना. समुद्र समोरच आहे, रस्ता ओलांडला की. तुमचा मुलगा सायकल काढताना गुड मॉर्निंग अंकल म्हणतो. मला कशाची तक्रार नाही.

टापूचं पुढे काही कळलं नाही. मला तो आवडायचा नाही, आजही समोर आला तर पहिला शब्द वाकडाच निघेल. पण नमाजात सगळ्यांसाठी मागून झालं की त्याच्यासाठीही मागतो, की त्याच्या दारात कोणीतरी जाऊन ते छप्पर सरळ मागो, त्याच्याच घरातलं कोणी, आणि त्याला नाही म्हणता न येवो. माझ्या खोलीचं छप्पर म्हणजे तुमच्या जिन्याची खालची बाजू, तिला वासे नाहीत. कधी दुपारी पडल्या पडल्या मी तिकडे बघतो आणि पहिला वासा कुठे असेल असा विचार करतो, आणि झोप लागते.

बसा ना, चहा ठेवतोय. घेणार? आणि ताई, नको नको करू नका हां, मी एकदाच विचारतो.